कोंडाईची रिकामी चक्की

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षांपूर्वीची ते मला विचारू नका. मी माझ्या आजाला विचारलं होतं, तेव्हा तो म्हणाला, "ओढ्याचं पाणी मोजतोस का रे तू? मग वर्षं कशाला मोजतोस?" तेव्हापासून मी मोजायचं सोडलं. तुम्हीही सोडा, आणि मांडी घालून नीट बसा.

आपल्या गावाच्या माथ्याला काळ्या खडकावर एक पडकं जोतं आहे, ते तुम्ही सगळ्यांनी पाहिलंय. तिथं एक दगडी पन्हळ आहे. तिच्यातून पूर्वी पाणी यायचं, आता सरडे येतात. पन्हळीखाली मोठा खळगा आहे, आणि त्याच्या वर एकावर एक ठेवलेले दोन गोल दगड आहेत, बैलगाडीच्या चाकाएवढे. वरच्या दगडाला मधोमध तडा गेलाय. बाहेरून कुणी पाहुणा आला तर म्हणतो, ही पडकी पाणचक्की दिसते. आपण म्हणतो, कोंडाईची चक्की.

तेव्हा आपलं गाव इथं नव्हतं. ते ओढ्याच्या पलीकडे, थाळ्या डोंगराच्या कुशीत होतं. गारदरे त्याचं नाव. चक्की मात्र अलीकडे, इथंच खडकावर होती, आणि दोन्हींच्या मधे ओढ्यावर लाकडाचा साकव होता.

त्या गावात सटवाजी नावाचा पाथरवट राहायचा. त्याची बायको चार घरचं दळण दळायची. तिची तीन मुलं पाळण्यातच गेली होती. चौथी मुलगी झाली तेव्हा तान्हूमाय सुईणीनं तिला कोंड्यानं भरलेल्या सुपात ठेवलं आणि नाव ठेवलं कोंडा, म्हणजे सटवीला वाटावं, हे टाकाऊ आहे, हे नेऊन काय करायचं. सटवी फसली आणि पोर जगली. आई मात्र जात्याच्या खुंट्याला धरूनच थकत गेली आणि पोर चार वर्षांची असताना गेली. तिच्या तळहातांना शेवटपर्यंत फोड होते असं म्हणतात.

सटवाजी त्या दिवसानंतर कुणाशी बोलेना. तो थाळ्याच्या कड्यावर जाऊन दगड फोडत बसला. तीन उन्हाळे त्यानं दोन तळ्या, म्हणजे चक्कीचे गोल दगड, घडवल्या, एक खालची आणि एक वरची. पावसाळ्यात त्यानं ओढ्याला वरून पाट काढला, पाटाचं पाणी पन्हळीत आणलं, पन्हळीखाली लाकडी चक्र बसवलं. पाणी चक्रावर कोसळलं आणि वरची तळी आपली आपण फिरू लागली. गावातल्या बाया बघत उभ्या राहिल्या. सटवाजीनं पहिली मूठ वैरली, पीठ पडलं, आणि तो तीन वर्षांत पहिल्यांदा बोलला, असं म्हणतात. तो म्हणाला, "आता कुणाच्या हाताला फोड येऊ नये."

त्या दिवसापासून गारदऱ्यातल्या बाया उजाडेपर्यंत झोपू लागल्या. पुरुषांना ते जरा जड गेलं, पण भाकरी तीच मिळत होती, मग बोलणार काय.

कोंडा त्या चक्कीतच वाढली. पन्हळीचं पाणी, चक्राची घरघर, तळ्यांची गर्जना, हे सगळं तिच्या कानांनी रात्रंदिवस ऐकलं. दहा वर्षांची होईपर्यंत तिचे कान त्या आवाजानं भरून गेले, आणि मग त्यांत दुसरं काही मावेना. बाप हाक मारायचा, तिला कळायचं नाही. पाखरू ओरडायचं, कळायचं नाही. आपण बहिऱ्या झालो हे तिला समजलं तेव्हा ती तान्हूमायच्या झोपडीत जाऊन हुंदके देऊन रडली.

तान्हूमायनं तिला उगी उगी केलं नाही. त्या दिवशी तिच्या दारात एक पोटुशी बाई बसली होती. तान्हूमायनं कोंडाचा हात धरून त्या बाईच्या पोटावर ठेवला. आत बाळानं लाथ मारली आणि कोंडा दचकली. तान्हूमायनं तिच्याकडे बघून सावकाश, ओठ वाचता येतील असं म्हटलं, "आईकलंस? मग ऐकायला कान कशापायी लागतो गं?"

कोंडा हसली. तिथून पुढं ती तळपायांनी ऐकायला शिकली. खडकावर अनवाणी उभी राहिली की तिला कळायचं की तळ्यांमधे नाचणी आहे की वरई, दाणा ओला आहे की सुका, तळीवरच्या टोपल्यातलं धान्य संपत आलंय का. साकवावर कुणी पाय ठेवला तर तिला इकडं चक्कीत कळायचं की कोण येतंय. सटवाजी गेल्यावर चक्की तिनंच चालवली, आणि गावानं तिला कोंडाई म्हणायला सुरुवात केली. तिच्या लग्नाबिग्नाचं मला विचारू नका, गोष्टीत ते नाही.

तळ्या थाळ्याच्या पोटातल्या होत्या, हे लक्षात ठेवा. माझा आजा म्हणायचा की लेक कितीही लांब दिली तरी आईचं पोट दुखलेलं तिला कळतं. चक्कीच्या तळ्यांना थाळ्याचं सगळं कळत होतं, आणि तळ्यांचं सगळं कोंडाईला कळत होतं. खरंखोटं तो थाळ्या जाणे.

एका पावसाळ्यात कोंडाई धावत गावात आली. तिचा आवाज बहिऱ्या माणसाचा असतो तसा होता, कधी मोठा, कधी मधेच बारीक. ती म्हणाली की डोंगर दळतोय, थाळ्याच्या पोटात दगडावर दगड फिरतोय, गाव रिकामं करा. लोक घाबरले. पोरंबाळं, कोंबड्या, देव्हाऱ्यातले देव, सगळं घेऊन दोन दिवस माळावर पावसात भिजत बसले. थाळ्या जागचा हलला नाही. लोक परतले तेव्हा निम्म्या गावाला ताप आला होता आणि घरातलं सरपण भिजलं होतं.

मग काय, गावाला थट्टेला विषय मिळाला. कुणाच्या पोटात गुडगुड झाली तरी म्हणायचे, डोंगर दळतोय. सुभानजी पाटील तर कोंडाई समोर आली की हातानं जातं फिरवल्याची खूण करायचा आणि सगळी चावडी हसायची. पाटील मनानं वाईट नव्हता. दुष्काळात त्यानं आपली कणगी गावासाठी फोडली होती. पण भिजलेल्या माणसाचा राग लवकर वाळत नाही. कोंडाई बोलायची कमी झाली, आणि तिला त्याचं फार वाईट वाटायचं, हे एका तान्हूमायला तेवढं ठाऊक होतं.

पुढं तान्हूमाय म्हातारी झाली, इतकी म्हातारी की तिचेही कान गेले आणि पायही गेले. गावाच्या अगदी वरच्या टोकाला, डोंगराला टेकून तिची झोपडी होती. गावातला एकूण एक जीव तिच्या हातांवर जगात उतरला होता, पण आता तिच्याकडे कुणी फारसं फिरकत नसे. कोंडाई रोज संध्याकाळी साकव ओलांडून जायची आणि तिला आंबील भरवायची. दोघी बहिऱ्या, दोघी एकमेकींच्या पायाला पाय लावून बसायच्या. त्या काय बोलायच्या कोण जाणे, पण कधी कधी एकदम हसायच्या.

आता आपल्याकडचे दोन नेम सांगतो, ते ध्यानात ठेवा, नाहीतर पुढचं कळणार नाही. नागपंचमीला काही चिरायचं नाही, तळायचं नाही, जमीन खणायची नाही आणि दळायचं नाही. जमिनीच्या पोटात नाग असतात, त्यांना त्या दिवशी धक्का लागू द्यायचा नाही. म्हणून वर्षातून त्या एका दिवशी चक्की बंद असायची. कोंडाई पाटावर आडवी फळी टाकायची आणि पाणी बाजूनं ओढ्यात जायचं.

दुसरा नेम असा की रिकामं जातं फिरवायचं नाही. फिरलं तर घरात रितेपण येतं. हे तुमच्या आज्याही सांगतात. पण गारदऱ्यात त्याला एक पुस्ती होती. रिकामं जातं फिरताना ज्याला ऐकू येईल, त्यानं आपल्या घरचं मूठभर धान्य घेऊन जायचं आणि स्वतःच्या हातानं त्या जात्यात वैरायचं. तान्ह्या पोरानं ऐकलं तर त्याचीही मूठ वैरायची. नाहीतर ते रितेपण ऐकणाऱ्याच्या घरी मुक्कामाला येतं, असं म्हणतात.

तर त्या वर्षीची नागपंचमी. आठ दिवस धार लागलेली होती, आणि त्या सकाळी पाऊस थांबला. सगळं खोरं धुक्यात तरंगत होतं. झाडं दिसत, पण त्यांची बुडं दिसत नव्हती. बाया नवी लुगडी नेसून वारुळाला लाह्या-दूध घेऊन निघाल्या होत्या. पोरी उंबराला झोके बांधत होत्या, आणि घरोघरी पुरणाची दिंडं उकडत होती. कोंडाईनं पाटात फळी टाकली. चक्र थांबलं, तळ्या थांबल्या. ती पाय पसरून खडकावर निवांत बसली.

चक्की फिरत असली की तिच्या पायांना चक्कीच ऐकू यायची. त्या दिवशी चक्की गप्प होती. आणि त्या गप्प खडकातून तिला ते पुन्हा ऐकू आलं. खोल, सावकाश, दगडावर दगड. मागच्या वेळी ते दूर होतं. आता ते टोपलं संपत आल्यासारखं होतं, आणि ते कसं असतं हे तिच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं.

ती तशीच उठून पाटलाच्या वाड्यावर गेली. पाटील ओसरीवर बसला होता. तिनं हात जोडले आणि म्हणाली, "पाटीलबाबा, आज दिस मावळायच्या आत गाव हलवा. मी पाया पडते." पाटलानं तिच्याकडे बघितलं. त्यानं हातानं जातं फिरवल्याची खूण केली आणि ओसरीवरचे सगळे हसले. मग त्यालाच थोडं वाईट वाटलं असावं, कारण त्यानं आतून केळीच्या पानावर दोन दिंडं आणवली, तिच्या हातात दिली आणि जा, सणाचं खा, अशी मान हलवली.

कोंडाई दिंडं हातात घेऊन साकवावर उभी राहिली. तिच्या डोळ्यांना धार लागली होती. माणसं पुन्हा हसली याचं तिला दुःख नव्हतं. आपण खरं सांगतोय आणि ते सांगायला आपल्याजवळ शब्दच उरला नाही, याचं दुःख होतं. ज्याचं जळतं त्यालाच कळतं. मग तिच्या मनात एक विचार आला, आणि ती तडक चक्कीवर परतली.

सण होता. दळायचं नव्हतं. रिकामं फिरवायचं नव्हतं. आणि रिकाम्या तळ्या एकमेकींवर घासल्या की त्यांच्यावरचे टाकीचे घाव झिजतात, त्या तडकतात, मरतात. त्या तिच्या बापानं तीन उन्हाळे घडवल्या होत्या, तिच्या आईच्या हातांसाठी. कोंडाईनं दिंडं खडकावर ठेवली, वरच्या तळीला डोकं टेकलं आणि पाटातली फळी उपसून फेकून दिली.

आठ दिवसांचं पाणी एकदम पन्हळीत शिरलं. चक्र फिरलं, असं फिरलं की त्याची पाती दिसेनाशी झाली. दगडाला दगड भिडला. पहिल्यांदा ठिणग्या उडाल्या, मग जळक्या दगडाचा वास आला, आणि मग आवाज उठला. तो आवाज गारदऱ्यात कुणी कधी ऐकला नव्हता. डोंगराच्या कपारी त्यानं भरल्या. झोके थांबले. वारुळापाशी दुधाच्या वाट्या कलंडल्या. त्या एका आवाजाखाली सगळं खोरं थिजून उभं राहिलं, आणि ज्या बाईनं तो केला, तिला एकटीला तो ऐकू येत नव्हता.

गाव संतापलं. नागपंचमीला दळण, आणि तेही रिकामं. पण संतापायला सवड नव्हती, आधी मुठी पोचवायच्या होत्या. ज्याच्या हाताला जे लागलं ते त्यानं घेतलं. कुणी नाचणी घेतली, कुणी वरई, कुणी भात, वारुळावरच्या बायांनी लाह्याच घेतल्या. म्हाताऱ्यांना पाठुंगळी घेतलं, बाळंतिणीला डोलीत घातलं. धुक्यातून सगळं गाव साकवावरून वर येऊ लागलं, मुठी मिटून, एकामागं एक. जणू झोपेत चालल्यासारखं.

एक एक माणूस येई आणि तळीच्या तोंडात मूठ वैरून बाजूला होई. मूठ पडली की तेवढ्यापुरता तो आवाज मऊ होई, आणि पुन्हा उठे. आया आपल्या तान्ह्यांच्या चिमुकल्या मुठी उघडून त्यांतले चार दाणे आत सोडत होत्या. कोंडाई प्रत्येक हाताकडे बघत होती. गावातली सगळी माणसं ती हातांवरूनच ओळखायची. शेवटी सुभानजी पाटील आला. त्यानं मूठ वैरली आणि त्याच क्षणी वरची तळी तडकली. कोंडाईनं फळी आणून पाटात टाकली.

सगळं शांत झालं.

पाटील ओरडायला तोंड उघडणार, तोच ती त्याच्या पायांशी बसली. "वहाणा काढा, पाटीलबाबा," ती म्हणाली. मग सगळ्यांकडे वळून म्हणाली, "आन् हलू नका. एक घडी कुणी हलू नका."

का कोण जाणे, पाटलानं वहाणा काढल्या. सगळं गाव त्या ओल्या खडकावर अनवाणी, गुपचूप उभं राहिलं. एवढी माणसं एकत्र असूनही कुणी बोललं नाही, हे गारदऱ्यात पहिल्यांदाच घडलं असेल. आणि मग ते त्यांच्या तळपायांतून वर आलं. आधी पोरांना कळलं, मग बायांना, मग पाटलाला. दगडावर दगड, सावकाश. पाटलाचा चेहरा उतरला. त्यानं कोंडाईपुढं हात जोडले, आणि त्याला रडू आलं.

पण कोंडाईचं तिकडं लक्ष नव्हतं. ती पुन्हा सगळ्यांच्या हातांकडे बघत फिरत होती. तिनं विचारलं, "तान्हूमाय कुठं हाय?"

लोक एकमेकांकडे बघू लागले. शेवटी एका बाईनं आपल्या कानाला हात लावला आणि मान हलवली. तान्हूमायला ऐकू येत नव्हतं. तिनं रिकामी चक्की ऐकलीच नव्हती, म्हणून तिच्या मुठीची गरज नव्हती, म्हणून तिला कुणी उचललं नव्हतं. सगळे आपापल्या घरचं रितेपण टाळायला धावले होते. आमच्या शहाण्या पूर्वजांचा हा शहाणपणा मला आजही सांगवत नाही, पण सांगावा लागतो. ज्या हातांनी सगळ्यांना जगात आणलं, ते दोन हात तेवढे खाली राहिले होते.

कोंडाई निघाली. पाटील तिच्या मागं धावला, आणि साकवाच्या तोंडाशी त्याच्या माणसांनी त्याला मिठी मारून धरलं. ती साकव ओलांडून धुक्यात शिरली. मागून सगळं गाव तिला हाका मारत होतं, परत ये, परत ये. आणि तिला हाका ऐकू येत नव्हत्या.

मग थाळ्या खाली आला.

तो कसा आला ते मी सांगत नाही, कारण माझ्या आजानंही मला सांगितलं नाही. तो एवढंच म्हणायचा की खोऱ्यातून पांढरा लोट वर आला, आणि तो पिठासारखा मऊ होता. तो सगळ्यांच्या केसांवर, भुवयांवर, तान्ह्यांच्या पापण्यांवर बसला. त्या लोटात काहींना ती दिसली. पाठीवर तान्हूमायला घेतलेली, चढ चढणारी, पावलं मोजून टाकणारी. ती जवळ आली आणि पुढं गेली, पन्हळीपाशी थोडी थांबली आणि आणखी वर गेली, जिथं वाट नाही तिथं. आणि दोघी हसत होत्या, असं म्हणतात.

लोट बसला तेव्हा पलीकडे गारदरे नव्हतं. पाटाचं तोंड बुजलं होतं आणि ओढ्यानं आपली वाट बदलली होती. पन्हळीत त्या दिवसापासून पाणी आलं नाही. पण खडकावर सगळं गाव जिवंत उभं होतं, दोघी सोडून. लोकांनी मग इथंच, चक्कीच्या भोवती घरं बांधली. ती ही आपली घरं.

आता तुम्ही म्हणाल, ती गेली कुठं. ते मला माहीत नाही. पण जिथं थाळ्या येऊन बसला तिथल्या मातीत आज खोऱ्यातली सगळ्यांत चांगली नाचणी येते, ती तुम्ही रोज खाता. आणि पाऊस लागला की फुटक्या तळीवर अनवाणी उभं राहून बघा. तळपायाला बारीक थरथर लागते. मला लागली आहे. माझ्या सुनेला लागत नाही, ती म्हणते तुमचे पायच थरथरतात. असेल तसंही.

बाकी जगात नागपंचमीला जातं झाकून ठेवतात. आपण त्या दिवशी प्रत्येक घरात जातं तीनदा रिकामं फिरवतो. पाहुण्यांच्या अंगावर काटा येतो, येऊ दे. मग सगळं गाव वहाणा काढून, मुठी मिटून चक्कीवर जातं. पण कुणी सरळ चक्कीवर जात नाही. आधी ज्याला ऐकू येत नाही त्याच्या दारी जातं, मग ज्याला चालता येत नाही त्याच्या दारी. त्यांना उचलून सगळ्यांच्या पुढं नेतात. गेल्या वर्षी मला नेलं, मी नको नको म्हणत होतो तरी.

तळीपाशी पोचल्यावर एक घडी कुणी हलत नाही. मग गावातला सगळ्यांत थोरला माणूस मोठ्यानं विचारतो, "तान्हूमाय आली का?" आणि लोक एकमेकांकडे बघतात, मागं बघतात, कुणाचं दार राहिलं का ते आठवतात. खरोखर आठवतात, उगाच नाही. एकदा एक घर राहिलं होतं, तेव्हा सगळे जिथल्या तिथं पावसात उभे राहिले होते आणि चौघं जण खाली जाऊन त्या म्हातारबाला घेऊन आले होते. मग सगळं गाव एका आवाजात म्हणतं, "आली."

तेवढं उत्तर आल्याशिवाय आपल्यात कुणी मूठ उघडत नाही.